चिखलातून धावलेले कमळ

मोठे इंजिन घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून एका विद्यार्थ्याने जुन्या छोट्या मोटारीची चाके रस्त्याला धरून कशी राहतील याचा विचार सुरू केला. त्या विचारातून लोटस ही मोटार जन्मली. कॉलिन चॅपमनच्या काटकसरीची आणि त्या काटकसरीने वसूल केलेल्या किमतीची ही कहाणी.

नवी मोटार दारात उभी राहिली की घरातला प्रत्येकजण तिच्याकडे आपापल्या नजरेने पाहतो. मुले रंग पाहतात, आजी आत शिरताना किती वाकावे लागते ते पाहते, शेजारी किंमत विचारतात आणि ज्यांच्या खिशातून हप्ते जाणार असतात ते गृहस्थ लिटरला किती किलोमीटर पडतील याचा हिशेब करतात. गाडीखाली वाकून चाकांच्या मागे काय दडले आहे ते मात्र कोणीच पाहत नाही. पाहण्यासारखे तिथे असते तरी काय? दोन-चार स्प्रिंगा, तेलाने भरलेली नळकांडी, काही लोखंडी दांडे आणि रबराचे तुकडे. पण पावसाळ्यात घाटातल्या एखाद्या आंधळ्या वळणावर समोरून ट्रक येतो, स्टिअरिंग झटक्यात फिरवावे लागते, तेव्हा पुढच्या दोन सेकंदांत आपण कुठे असू हे ठरवणारी मंडळी हीच. इंजिनाची ताकद त्या क्षणी कामाची नसते. चाक रस्त्याला चिकटून राहिले तर आपण वाचतो, सुटले तर दरी आहेच.

ही गोष्ट विशीच्या उंबरठ्यावरच्या एका लंडनवासी मुलाला फार लवकर कळली, आणि कळली याचे एक कारण म्हणजे त्याच्या खिशात पैसे नव्हते. कॉलिन चॅपमन हे त्याचे नाव. लोटस मोटारींचा जनक म्हणून तो पुढे जगभर गाजला. त्याच्या हयातीत त्याच्या गाड्यांनी फॉर्म्युला वन शर्यतींत बांधणीकारांचा जागतिक किताब सात वेळा मिळवला. पण आज त्याची आठवण काढायची ती वेगळ्याच कारणासाठी. थोड्या पैशांत साधी छोटी गाडी वळणावर शहाण्यासारखी कशी वागेल, हे त्याने शोधले. आणि तीच काटकसर हाताबाहेर गेल्यावर काय होते, हेही त्याच्याच आयुष्यात दिसले. गाडी असलेल्या कोणत्याही घराने ऐकावी अशी ही कहाणी आहे.

न खपलेली गाडी

कॉलिनचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनलगतच्या रिचमंड येथे झाला. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवत. महायुद्ध संपले त्या वर्षी तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकू लागला. पूल, छप्परे, खांब हा त्याच्या अभ्यासाचा विषय. वरचा भार कोणत्या दांड्यातून खाली उतरतो, कोणता दांडा खरोखर भार वाहतो आणि कोणता नुसता शोभेला उभा आहे, हे ओळखण्याची नजर त्याला त्या वर्गांतून मिळाली. तो पुढे जे काही करणार होता त्याचे मूळ याच नजरेत होते.

अभ्यासाच्या जोडीला त्याने एका मित्राबरोबर जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा उद्योग मांडला होता. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये नवी गाडी मिळणे मुश्कील होते. तयार होणाऱ्या गाड्यांचा मोठा हिस्सा परकीय चलनासाठी परदेशी जाई. त्यामुळे जुन्या गाड्यांना भाव होता आणि लंडनची वॉरेन स्ट्रीट हा त्यांचा बाजार होता. धंदा बरा चालला होता. पण १९४७ मध्ये सरकारने खासगी वाहनांसाठीचा पेट्रोलचा मूळ कोटाच बंद केला. पेट्रोल नाही तर गाडी घेणार कोण? बाजार एका झटक्यात बसला. मिळेल त्या किमतीला गाड्या विकून टाकाव्या लागल्या, आणि शेवटी एक गाडी कोणी घेईना. कापडी अंगाची ऑस्टिन सेव्हन.

गाडी म्हणाल तर अगदी छोटी. १९२२ मध्ये बाजारात आलेल्या या ऑस्टिन सेव्हनने ब्रिटनमधल्या मध्यमवर्गाला पहिल्यांदा चार चाकांवर बसवले होते. इंजिन ७४७ सीसीचे, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षाही लहान. १९३९ मध्ये तिचे उत्पादन थांबले तोवर रस्त्यावर लाखो सेव्हन आल्या होत्या, आणि युद्धानंतर जुनी, मोडकी सेव्हन कवडीमोलाने मिळे. तरुण पोरांसाठी ती जणू प्रयोगशाळाच होती. कॉलिनची मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांचे घर मझवेल हिलला होते. त्या घरामागच्या गॅरेजात ही न खपलेली गाडी आली आणि कॉलिनने तिचे कापड, लाकूड, पत्रा सगळे उतरवून टाकले. उरला तो नुसता सांगाडा.

पाट्यांनी शिकवलेला धडा

या सांगाड्यात एक खोड होती. सेव्हनच्या मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लोखंडी पाट्यांची अर्धी कमान असे. तिचे एक टोक सांगाड्याला घट्ट बसवलेले, दुसरे टोक चाकांच्या दांड्याला. पाटे बाकदार असत. गाडी वळली की तिचे अंग बाहेरच्या बाजूला कलते. कललेल्या बाजूचा पाटा दबून सरळ होई व त्याचे टोक थोडे मागे सरके. दुसऱ्या बाजूचा पाटा अधिक वाके व त्याचे टोक पुढे येई. म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडाच तिरका होई. चालकाने स्टिअरिंग जेवढे फिरवले त्याहून गाडी जास्त वळे आणि शेपूट बाहेर फेकली जाई. नवशिक्या माणसाची यात भंबेरी उडे.

ऑस्टिन सेव्हनवर हात चालवणाऱ्या मंडळींत यावर एक स्वस्त उपाय रूढ होता. पाटे काढायचे आणि त्यांचा बाक उतरवून ते सपाट करून घ्यायचे. सपाट पाटा थोडा वर-खाली झाला तरी त्याचे टोक पुढेमागे फारसे सरकत नाही, म्हणून दांडा सरळ राहतो. शिवाय गाडी काही बोटे खाली बसते. तिचे वजन जमिनीच्या जवळ आले की वळणावर ती कमी कलते. एका कामात दोन फायदे, आणि खर्च लोहाराच्या मजुरीचा. इंजिनातून दोन-चार अश्वशक्ती जास्त काढायच्या तर याच्या कितीतरी पट पैसे पडले असते.

कॉलिनच्या मनात हा धडा पक्का बसला. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात जाते. पकड सुधारली तर ती प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यावर आणि प्रत्येक ब्रेकला सुधारते. आणि गाडी हलकी केली तर तेच इंजिन अधिक पळवते, तेच ब्रेक लवकर थांबवतात, तीच चाके रस्ता अधिक घट्ट धरतात. त्याने सांगाड्यावर प्लायवूड व ॲल्युमिनियम एकत्र चिकटवलेल्या हलक्या फळ्यांचे अंग चढवले. विमानाच्या बांधणीत असते तसे ते अंगही सांगाड्याला बळकटी देणारे होते.

१९४८ मध्ये ही गाडी चिखलातल्या चढाच्या स्पर्धांत उतरली. ब्रिटनमध्ये या स्पर्धांचे मोठे वेड होते. निसरड्या, चिखलाने माखलेल्या टेकडीवर न थांबता कोण किती वर जातो हे पाहायचे. शेजारच्या आसनावर हेझल असे. मागच्या चाकांवर भार यावा म्हणून सोबत्याने अशा वेळी आसनावर उड्या मारायच्या, ही तिथली रीत. गाडीची नव्याने नोंदणी करताना कॉलिनने तिचे नाव लिहिले लोटस, म्हणजे कमळ. हे नाव का, याचा खुलासा त्याने कधी नीट केला नाही. हेझलला तो लाडाने कमळ म्हणत असे, असे बरेच जण सांगतात. आपल्याला मात्र खुलाशाची गरज वाटू नये. चिखलात रुतायचे नाही, हाच तर त्या गाडीचा जन्महेतू होता.

तबेल्यातला कारखाना

पदवीनंतर थोडा काळ हवाई दलात काढून कॉलिन ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत अभियंता म्हणून नोकरीला लागला. दिवसा नोकरी, रात्री गाडी. सेव्हन क्लब या नावाने नव्हे, पण तिच्या इंजिनाच्या आकारावरूनच नाव घेतलेला ‘७५० मोटर क्लब’ लंडनमध्ये होता. कमी पैशांत शर्यतीची हौस भागवू पाहणारे कारकून, विद्यार्थी, तंत्रज्ञ तिथे जमत आणि आपापल्या युक्त्या एकमेकांना सांगत. या क्लबच्या शर्यतींचा नियमच असा होता की गाडी सेव्हनच्या भागांतून बनलेली हवी. सगळ्यांना सारखेच गरीब इंजिन; मग जिंकायचे ते डोक्याने. १९५१ मध्ये कॉलिनची तिसरी गाडी या शर्यतींत इतकी पुढे गेली, की इंजिनातल्या हवेच्या वाटेत बारीक पत्रा बसवून त्याने केलेली युक्ती पुढे नियमात बदल करून बंद करावी लागली.

१ जानेवारी १९५२ रोजी मायकेल ॲलन या मित्राबरोबर त्याने लोटस इंजिनिअरिंगची स्थापना केली. जागा होती वडिलांच्या हॉटेलामागचे जुने तबेले. भांडवल म्हणून हेझलने दिलेले २५ पौंड. १९५४ मध्ये दोघांनी लग्न केले.

या तबेल्यातून निघालेली सहाव्या क्रमांकाची लोटस ही खऱ्या अर्थाने सामान्य माणसासाठी होती. कॉलिनने पोलादी नळ्यांचा एक सांगाडा बनवला. नळ्या अशा त्रिकोणांत जोडलेल्या, की प्रत्येक नळी फक्त ताणली वा दाबली जावी, वाकू नये. पुलांच्या अभ्यासाचा हा उपयोग. त्या सांगाड्याचे वजन अवघे सुमारे २५ किलो. बाकीचे सामान, म्हणजे इंजिन, गिअर, चाके वगैरे, गिऱ्हाइकाने भंगारातल्या एखाद्या फोर्डमधून काढून आणायचे आणि घरच्या अंगणात स्वतः जोडायचे. सुट्या भागांवर तयार गाडीसारखा खरेदी कर लागत नसे, हा आणखी एक लाभ.

तिच्या पुढच्या चाकांची रचना पाहण्याजोगी होती. जुन्या छोट्या फोर्डला पुढे एक अखंड दांडा असे. डाव्या चाकाखाली दगड आला की दांड्यामुळे उजवे चाकही तिरपे होई. लेस्ली बॅलॅमी नावाच्या इंग्रज तंत्रज्ञाने युद्धापूर्वीच एक सोपी तोड काढली होती. दांडा मधोमध कापायचा आणि दोन्ही तुकडे मध्ये बिजागरीसारखे टांगायचे. आता डाव्या चाकाचे दुखणे उजव्याला लागत नाही. कॉलिनने तीच युक्ती घेतली आणि पाट्यांऐवजी वेटोळ्यांची स्प्रिंग व तिच्या पोटात शॉक ॲब्सॉर्बर बसवला. करवतीचा एक छेद, दोन बिजागऱ्या आणि दोन स्प्रिंगा. अशा सुमारे शंभर गाड्या गेल्या आणि शनिवार-रविवारच्या शर्यतींत महागड्या गाड्यांना मागे टाकू लागल्या.

१९५७ मध्ये तिचीच सुधारित धाकटी बहीण लोटस सेव्हन आली. जोडणीच्या सूचना दिल्या तर कराची सवलत जाईल, म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना द्यायच्या आणि त्या गिऱ्हाइकाने उलट्या वाचायच्या, असा एक किस्सा त्या काळातला सांगितला जातो. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि तिथे तिचे वंशज तयार होत राहिले.

मऊ स्प्रिंगचे शहाणपण

वेगवान गाडी म्हटली की स्प्रिंग कडक हवी, असा त्या काळी समज होता. आजही अनेकांचा आहे. कॉलिनने नेमकी उलट वाट धरली. कडक स्प्रिंगची गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारते, आणि हवेत उडालेले चाक वळवू शकत नाही की थांबवू शकत नाही. म्हणून स्प्रिंग मऊ हवी; चाक खड्ड्यात उतरले पाहिजे आणि उंचवट्यावर चढले पाहिजे. मात्र मऊ स्प्रिंग एकदा दबली की झोपाळ्यासारखी वर-खाली होत राहते. तिला आवरणारा म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, गॅरेजमधल्या मुलांचा शॉकप. नळकांड्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि झोका विरून जातो. स्प्रिंग वजन पेलते, शॉकप तिला लगाम घालतो. या दोघांचा मेळ बसवला आणि चाकाचा तळवा रस्त्यावर सपाट राहील अशी काळजी घेतली, की गाडी आरामदायीही होते आणि चपळही. त्यासाठी सांगाडा मात्र ताठ हवा. तोच लवचीक असेल तर स्प्रिंगने काय करायचे ते सांगाडाच करू लागतो आणि सगळी आखणी वाया जाते.

या ज्ञानाची कीर्ती एवढी पसरली की १९५६ मध्ये व्हॅनवॉल या ब्रिटिश संघाने आपल्या ग्रां प्री मोटारीचा सांगाडा आणि सस्पेन्शन नव्याने आखायला या २७-२८ वर्षांच्या तरुणाला बोलावले. १९५८ मध्ये बांधणीकारांचा जागतिक किताब पहिल्यांदाच दिला गेला, तो व्हॅनवॉलने पटकावला.

त्याची आवडती रीत म्हणजे एका भागाकडून दोन कामे करून घेणे. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा गाडीत असतोच; मग त्यानेच चाकाला आडव्या दिशेने धरून का ठेवू नये? असे केले की एक वेगळा दांडा वाचतो. मागच्या चाकांसाठीच्या या रचनेला त्याचेच नाव मिळाले, चॅपमन स्ट्रट. १९६२ च्या लोटस एलानमध्ये पोलादी पत्रा दुमडून केलेला कण्यासारखा सांगाडा होता. वजन जेमतेम ३४ किलो. ही गाडी घडवण्यात रॉन हिकमन या त्याच्या अभियंत्याचा मोठा वाटा होता. पुढच्या चाकांना धरणारे खूर ट्रायम्फ या साध्या गाडीचेच घेतले होते. बाजारात जे चांगले आणि स्वस्त मिळते ते नव्याने कशाला घडवायचे, हा त्यामागचा हिशेब. एलान मऊ चाले आणि तरीही वळणावर तिच्यासारखी वळणारी गाडी मिळणे कठीण, असे जाणकार पुढे कित्येक वर्षे सांगत राहिले.

कौटुंबिक गाडीवरचा प्रयोग

सर्वांत बोलका प्रयोग फोर्ड कॉर्टिनाचा. आईवडील, मुले आणि सामानासकट सहलीला जाणारी ही साधी घरगुती गाडी. तिची शर्यतीत उतरण्याजोगी आवृत्ती करण्याचे काम फोर्डने लोटसकडे सोपवले आणि १९६३ मध्ये लोटस कॉर्टिना आली. नवे इंजिन बसले, गाडी खाली बसवली, चाके रुंद केली, दारे-बॉनेट ॲल्युमिनियमची केली. मागचे पाटे काढून वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या आणि मागचा दांडा जागेवर राहावा म्हणून इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा एक आधार जोडला. १९६४ मध्ये जिम क्लार्कने याच गाडीने ब्रिटनची सलून मोटारींची स्पर्धा जिंकली. वळणावर पुढचे आतले चाक हवेत उचललेले आणि गाडी निर्धास्त पुढे चाललेली, अशी तिची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत.

पण रस्त्यावर वापरणाऱ्यांना वेगळाच अनुभव आला. तो आधार मागच्या गिअरच्या पेटीला खालून जोडलेला होता. साऱ्या धक्क्यांचा भार त्या पेटीवर येई, तिचे जोड सैल होत, तेल गळे आणि गळलेले तेल रबराचे बुश खाऊन टाकी. शेवटी १९६५ मध्ये फोर्डने हा आधार काढला आणि पुन्हा साधे पाटे बसवले, सोबत त्यांना सांभाळणारे दोन दांडे दिले. गाडी जास्त टिकाऊ झाली. शर्यतीच्या दिवसापुरते उत्तम आणि रोजच्या वापराला उत्तम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या गळणाऱ्या तेलाने दाखवून दिले.

काटकसरीची दुसरी बाजू

हाच प्रश्न शर्यतीच्या मैदानावर फार भयंकर रूपात उभा राहिला. काढता येईल ते काढून टाका, उरलेले बारीक करा, या ध्यासाने लोटसच्या गाड्या जिंकत होत्या. १९६२ मध्ये त्याने फॉर्म्युला वनमध्ये नळ्यांच्या जागी पत्र्याच्या पेटीसारखे अखंड अंग आणले, आणि पुढे सगळ्यांनी तीच वाट धरली. त्याच घडणीच्या गाड्यांतून जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ मध्ये जगज्जेता झाला. पण लोटसचे भाग मोडतात, अशी कुजबुजही पहिल्यापासून होती.

१९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे मागचे चाकच निखळले आणि त्याची हाडे मोडली. त्याच दिवशी माइक टेलरच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला. तो वाचला, पण त्याची शर्यतीची कारकीर्द संपली. १९६९ मध्ये बार्सिलोनात एकाच शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडून अपघात झाले. त्यातून वाचलेल्या योखेन रिंटने चॅपमनला पत्र लिहून गाड्यांच्या तकलादूपणाबद्दल स्पष्ट शब्दांत काळजी कळवली होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतल्या मोंझा येथे सरावात रिंटच्या लोटसचा अपघात झाला आणि तो गेला. पुढच्या ब्रेकचा पोकळ दांडा तुटल्याचे इटालियन चौकशीत निघाले. रस्त्याकडेचे कठडेही नीट बसवलेले नव्हते आणि रिंट सगळे पट्टे बांधत नसे, हेही खरे. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मृत्यूनंतर मिळाले.

जिम क्लार्क १९६८ च्या एप्रिलमध्ये जर्मनीत हॉकेनहाइमला गेला, तेव्हा मागच्या टायरची हवा गेली असावी असे बहुतेकांचे मत पडले. दोष गाडीच्या रचनेचा नव्हता. पण क्लार्क हा चॅपमनचा सर्वांत जवळचा मित्र होता, आणि त्या दिवसानंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही, असे त्याच्या निकटच्यांनी नोंदवून ठेवले आहे. तरी त्याने काम थांबवले नाही. गाडीखालच्या हवेनेच तिला रस्त्याकडे ओढून घेण्याची किमया त्याच्या संघाने साधली आणि १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला.

अखेरच्या वर्षांत काटकसरीचा हिशेब पैशाच्या व्यवहारातही बिघडला. डीलोरियन मोटारीची आखणी लोटसकडे होती. त्या प्रकल्पातले लक्षावधी पौंड परदेशातल्या खात्यांत गडप झाले. चॅपमनवर खटला चालण्याआधीच मृत्यूने त्याला गाठले. त्याच्या कंपनीच्या वित्तप्रमुखाला १९९२ मध्ये तुरुंगात जावे लागले.

आपण काय घ्यायचे

चॅपमनचा कित्ता आपल्या छोट्या गाडीसाठी गिरवायचा तर त्याची पहिली गाडी डोळ्यांपुढे ठेवावी. वळणावर गाडी झोकांड्या खाते, ब्रेक लावला की नाक खुपसते, सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते, अशी तक्रार असेल तर आधी टायर पाहावेत. त्यांतली हवा कंपनीने सांगितली तेवढी आहे का आणि नक्षी उरली आहे का, हे पाहायला खर्च जवळजवळ नाहीच. मग रबराचे बुश आणि बॉल जॉइंट. वर्षानुवर्षे खड्डे खाऊन ते ढिले होतात आणि चाक स्वतःच्या मर्जीने डुलते. मग शॉकप, बदलायचे तर जोडीने बदलावेत, एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना नको. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट. एवढ्यावर दहा वर्षांची गाडी पुन्हा तरुण झाल्यासारखी वाटते. त्यापुढे हौस असेल तर दोन्ही चाकांना जोडून अंगाचा कल रोखणारा अँटी-रोल बार, किंवा त्या गाडीसाठीच बनवलेल्या थोड्या कडक स्प्रिंगा. त्यांतही मुख्य बांधणीत फेरफार होत असेल तर परिवहन कार्यालयाचे नियम आधी पाहावेत.

एक गोष्ट मात्र टाळावी. गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून टाकण्याची स्वस्त युक्ती काही ठिकाणी सर्रास केली जाते. कापलेली स्प्रिंग अधिक कडक होते, जागेवर नीट बसत नाही, चाकाला वर-खाली व्हायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात गाडी थेट सांगाड्यावर आपटते. सपाट केलेला पाटा आणि कापलेली स्प्रिंग दोन्ही स्वस्त आहेत, दोन्हींनी गाडी खाली बसते. पहिल्यात भार कुठून जातो याचा विचार आहे, दुसऱ्यात तो नाही. काय काढावे हे चॅपमनला कोणाहीपेक्षा जास्त कळत होते. काय काढू नये, इथे त्याचा हात काही वेळा चुकला, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. चार माणसे घेऊन जाणाऱ्या गाडीत ती चूक परवडणारी नाही.

१६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने नॉरफोकमधल्या घरी चॅपमनचे निधन झाले. वय अवघे ५४. त्याच दिवशी त्याच्या संघाची एक नवी गाडी पहिल्या चाचणीसाठी धावपट्टीवर उतरली होती. स्प्रिंगांचे काम तिच्यात तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे करत आणि प्रत्येक खड्ड्यावर, प्रत्येक वळणावर चाक किती वर-खाली व्हावे हे संगणक ठरवत असे. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, आयर्तन सेनाने अशाच रचनेच्या लोटसमधून मोनॅकोची शर्यत जिंकली.

हेझलच्या घरामागच्या गॅरेजातले पाटे आणि ही संगणकाची गाडी यांच्यामध्ये ३४ वर्षे गेली. दोन्हींपुढचा प्रश्न एकच होता: रस्ता कसाही असो, चाक त्याला सोडून जाता कामा नये. पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा धुण्या-पुसण्याच्या यादीत एक ओळ वाढवा. गाडी उचलून खालून बघायला सांगा, आणि जमले तर स्वतःही वाकून पाहा.